ढेकीचं टेबल

आंबागडच्या किल्ल्याखाली आमचं घर होतं आणि घराच्या छपरीत आमच्या ह्यांचं सुतारकाम चालायचं. कारखाना म्हणावं असं त्यात काही नव्हतं. शेणानं सारवलेली जमीन, बसायला एक ठोकळा, भिंतीला टांगलेल्या करवती आणि सगळीकडे ढलप्या. टेबल वगैरे चैन सुताराच्या घरात नसायची. सुतार जमिनीवर बसायचा आणि लाकूड पायानं धरायचा.

लग्न होऊन मी दिघोरीकडून इकडे आले, तेव्हा नवऱ्याच्या चेहऱ्याआधी मला त्याचे पायच पाठ झाले. समोर सासूबाई बसलेल्या असायच्या, मान वर करून बघायची सोय नव्हती. खाली बघत चहा नेऊन ठेवायचा, तर नजरेसमोर हे दोन पाय. उजव्या पायानं लाकूड वरून दाबायचं आणि डाव्या पायाचा अंगठा नि बोटं यांच्या चिमटीत ते अडकवायचं. लाकूड हलायचं नाव घेत नसे. दोन्ही हात तासायला, वाकस चालवायला मोकळे. मला वाटायचं, ह्या माणसाला चार हात आहेत. पुढे संसारात कळलं की घरकामाला त्यातला एकही कामाचा नाही, पण ते असो.

नांगर, वखर, जू, दारं-खिडक्या ही कामं बाराही महिने असत. पण ह्यांचा जीव नंदीत होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मोठ्या माणसांचे बैल खरे, पोरांचे लाकडी. चाकं लावलेला नंदी दोरीनं ओढत पोरं गावभर मिरवतात. ह्यांच्या नंदीची मान जराशी वळलेली असायची, हाक मारल्यावर बैल बघतो तशी. तुमसरच्या बाजारातही लोक त्या मानेवरून नंदी कुणाचा ते ओळखत. ह्याचा मला गर्व होता आणि तो मी लपवायची नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. एका थंडीत लाकडाच्या डेपोतून आणलेला सागाचा ओंडका खाचरावरून, म्हणजे बैलगाडीवरून, उतरवताना दोर सुटला आणि ओंडका ह्यांच्या डाव्या पायावर आला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पायाचा पुढचा भाग काढावा लागला. बोटं गेली, चवडा गेला, टाच तेवढी राहिली. घरी आल्यावर काठी घेऊन ते चालू लागले आणि शेजारीपाजारी म्हणाले, चला, निभावलं. मला त्या लोकांचा राग यायचा. चालायला काय, कुणीही चालतं. ह्यांचा पाय लाकूड धरायला होता.

होळी झाल्यावर ते छपरीत जाऊन बसले. एक जू तासायला घेतलं. उजव्या पायानं दाबलं, डाव्या पायाची टाच लावली, आणि पहिल्याच घावाला जू फिरलं. वाकस मांडीला चाटून गेला. परत लावलं, परत फिरलं. तिसऱ्यांदा त्यांनी जू उचलून अंगणात भिरकावलं. कोंबड्या ओरडत पळाल्या.

"मी धरते," म्हणून मी समोर जाऊन बसले आणि जुवावर पाय दिला. एक जू आणि एक चौकट अशी निघाली. पण रस्त्यानं कुणी येताना दिसलं की हे हळूच म्हणायचे, "ऊठ, ऊठ." नवऱ्याचं लाकूड बायको धरते हे गावानं बघू नये. मी उठायची, माणूस गेला की बसायची. उठबशा काढून माझेच पाय दुखायला लागले.

मग नंदीचा विषय निघाला. आमच्या घरची रीत अशी होती की कोरताना नंदीला पाय लागतोच, म्हणून नंदी पुरा झाला की तो पाटावर ठेवायचा, पुढे डोकं टेकायचं आणि पाय लागल्याची माफी मागायची. पण ती माफी कोरणाऱ्याच्या पायाला होती, सुनेच्या पायाला नव्हती.

"नंदीवर बाईचा पाय? मी जित्ती आहे तवर नाई," सासूबाई म्हणाल्या.

चिखलात धानाची रोवणी करताना बाईचा पाय चालतो, खळ्यात धान तुडवताना चालतो, तिथे लक्ष्मी नसते काय? हे सगळं मी बोलले, पण माजघरात, उखळाशी. सासूबाईंना ऐकू गेलं असणार, कारण त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

ह्यांनी मात्र मनात तिसरंच काही ठरवलं होतं. उन्हाळा लागला तसा त्यांचा चुलतभाऊ घरी आला. तो शेजारच्या गावात सुतारकाम करायचा. त्याला ह्यांनी माझ्यादेखत सांगितलं, "हत्यार असं रिकामं ठेवू नाई. आजाच्या हातचे हत्यारं आहेत, बाहेर जाता कामा नये. नागपंचमी झाली का घेऊन जा. पोळ्याचे नंदी यंदा तूच कर."

तो बिचारा नको नको म्हणत होता. पण ह्यांनी शब्द दिला म्हणजे विषय संपला. भावकीत ह्यांचा शब्द असाच चालायचा.

मला त्या क्षणी अगदी स्पष्ट कळलं की हत्यारं गेली तर माझा नवराही गेला. म्हणजे मरणार नव्हते ते. जेवले असते, बिडी ओढली असती, शेताला पाणी आहे का बघून आले असते. पण ज्याच्या घरात मी आले होते तो माणूस उरला नसता. हे होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं. कसं, ते ठाऊक नव्हतं.

मार्ग सापडला तो चिखल्याला. माझा भाऊ तिथे खाणीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होता. त्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीच्या बारशाला गेले, तेव्हा हट्ट करून वर्कशॉपच्या आत गेले. तिथे सुताराचं कमरेएवढं उंच टेबल होतं. कडेला लोखंडी शिकंजा, त्याचा दांडा फिरवला की लाकूड आवळून बसायचं. सुतार उभा राहून दोन्ही हातांनी रंधा मारत होता आणि त्याच्या पायात चक्क बूट होते. बूट घालून सुतारकाम! मी टेबल ढकलून पाहिलं. ढिम्म. त्याचे पाय जमिनीत पक्के होते.

मी सुतळी काढली आणि उंची, लांबी, रुंदी घेऊन गाठी मारल्या.

"बारशाले आली का टेबल मोजाले आली वो?" भाऊ म्हणाला.

घरी येऊन मी छपरीच्या भिंतीवर कोळशानं टेबल काढलं. सासूबाई दर आठवड्याला भिंत सारवायच्या, त्यामुळे माझं टेबल पोतेऱ्याखाली जायचं आणि मी नव्यानं काढायची. त्यानं बरंच झालं म्हणायचं, कारण दर वेळी काढताना काहीतरी सुधारायचं. शिकंजा आम्हाला मिळणार नव्हता, तर त्याच्या जागी खुंट्या आणि पाचर. फळीला जुन्या दाराचं झडप. पायांना नणंदेच्या लग्नातल्या मांडवाच्या मेढी पडल्या होत्या, त्या घेतल्या.

आता आमच्याकडे पक्कं म्हणजे काय? गाडलेलं. मांडव असो, गोठा असो, मेढ हातभर खोल गाडली की ती हलत नाही, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक. चिखल्याच्या टेबलाचे पाय सिमेंटमध्ये बोल्टानं आवळले होते, ते मी काही वाकून बघितलं नव्हतं. मी पहारीनं छपरीत चार खड्डे काढले. मेढी उभ्या केल्या, माती ठोकली, आणि हे काठी टेकून लांबून बघत राहिले. मी बोलावलं तेव्हा येऊन त्यांनी वरचं झडप तेवढं ठोकून दिलं. सुतळीच्या गाठीबरोबर उंची होती. मी फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी हे टेबलाशी उभे राहिले. वाकस उचलला, दोन घाव घातले, थांबले. दीड पायावर तोल सांभाळायचा की घाव सांभाळायचा? शिवाय आयुष्यभर बसून काम केलेला हात उभ्यानं चालेना. त्यांनी काठी बाजूला ठेवली, हातांवर अंग उचललं, आणि टेबलावर चढून मांडी घालून बसले.

तेवढ्यात पाटलाच्या घरचा सालगडी समोरून गेला. "मूर्ती मस्त बसली जी," तो म्हणाला, "शिरवता कधी?"

गणपती शिरवायला, विसर्जनाला नेतात तसं नवऱ्याला कुणी नदीवर न्यायची गोष्ट करतंय आणि मला हसू येतंय, अशी माझी दशा झाली. ह्यांना मात्र हसू आलं नाही. उतरले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

पाऊस सुरू झाला तशी छपरीतली माती फुगली. टेबलाचा एक पाय खचला, मग दुसरा. मी विळ्यानं एका मेढीला टोचून पाहिलं तर विळा लोण्यात जावा तसा आत गेला. आतून सगळी उधई, वाळवी. नुसती माती आणि पांढऱ्या किड्यांची वळवळ.

"उधई लागली जी," मी म्हटलं.

"लागणारच. मोईचं कच्चं लाकूड. खालून जाळलं नाई, डांबर नाई. मले मालूम होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तू विचारलं का?"

एवढा राग मला त्याआधी आणि त्यानंतर कधी आला नाही. हातातला विळा मी जमिनीवर आपटला. सुताराच्या डोळ्यांदेखत त्याच्याच छपरीत चुकीचं लाकूड गाडलं जातं, आणि तो बिडी ओढत बघतो! चुकीपेक्षा मला ते बघत राहणं लागलं. म्हणजे मनानं हत्यारं कधीच देऊन झाली होती. मी त्यांना जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. 

नागपंचमी जवळ येत होती. त्या आठवड्यात मी पोहे कुटायला ढेकीवर उभी होते. आमच्या गावात धान सडायचं यंत्र, हालर, आल्यापासून धान गिरणीतच जायचं, ढेकी पोह्यांपुरती उरली होती. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ढेकी म्हणजे एक लांब, जाडजूड लाकूड, मधे आसावर टेकलेलं. एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर पाय द्यायचा. पाय दिला की जड मुसळ सहज उचललं जातं, पाय सोडला की ते उखळात पडतं. पायावर सगळ्या अंगाचा भार देता येत असल्यामुळे पोरीसोरींनाही जड मुसळ उचलता येतं. चवडा दुखला की मी टाच द्यायची. त्या दिवशी टाच दिली आणि पाय तिथेच थांबला.

हे पलीकडे खाटेवर होते.

"अजी, ढेकीले बोटं लागतेत का?"

"काय?"

"ढेकी दाबाले बोटं लागतेत का टाच?"

"टाच पुरते."

"थे तं तुमच्याजवळ आहे ना!"

"डोस्कं फिरलं का तुयं?" म्हणून ते कुशीवर वळले. मी पोहे कुटत राहिले. पण सकाळी शेणाची टोपली घेऊन गोठ्यात जाताना पाहिलं, तर ते एकटेच ढेकीशी उभे होते. वर टांगलेल्या दोराला धरून, डावी टाच लाकडावर. मुसळ वर जात होतं, खाली येत होतं. पोटरी तशीच भरीव होती, तिला काही झालं नव्हतं. मी टोपली घेऊन आल्या पावली मागे फिरले.

त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. कोळसा घेऊन भिंतीवर आता ते स्वतः काढत होते. टेबल होतं, पण गुडघ्याएवढं बुटकं आणि लांब. त्याच्या एका टोकाला घोड्यावर बसावं तसं दोन्हीकडे पाय सोडून बसायचं. समोरच्या फळीला दोन भोकं. लाकडावरून दोर घ्यायचा, तो त्या भोकांतून खाली उतरवायचा आणि खाली आडव्या पडलेल्या ढेकीच्या लाकडाला बांधायचा. त्या लाकडाचं पलीकडचं टोक आसावर अडकवलेलं, अलीकडच्या टोकावर टाच. टाच दाबली की दोर खाली ओढला जाणार आणि वरचं लाकूड फळीवर आवळलं जाणार. टाच सोडली की मोकळं.

अडचण एकच. ढेकी सासूबाईंची होती. त्यांच्या सासूकडून आलेली. तिच्यावर त्यांनी उभी हयात काढली होती.

"ढेकी तोडाची?" त्या म्हणाल्या. "घरातली ढेकी कोणी तोडते का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी मला हातानंच गप्प केलं आणि मुलाला विचारलं, "मंग नंदीले पाय कोणाचा लागन?"

"कोणाचाच नाई, माय. टाच खाली लाकडावर राहीन. नंदी वर राहीन."

त्यांनी ढेकीवरून एकदा हात फिरवला. मग उठून हळद-कुंकू आणलं, ढेकीला लावलं, आणि म्हणाल्या, "ने. पण पोहे मंग तू विकत आणून देजो. मी उसने मागाले जाणार नाई."

पुढचे दिवस मी रोवणीला जायची आणि संध्याकाळी चिखलाचे पाय धुवायच्या आधी छपरीत डोकवायची. या वेळी टेबलाचे पाय गाडले नाहीत. बीज्याच्या टणक लाकडाचे चार पाय तिरके ठोकले, खाली चपटे दगड दिले. वरच्या फळीला पहिल्या टेबलाचं झडपच घेतलं, ते जमिनीपासून वर होतं म्हणून वाचलं होतं. काम करताना ते मला हाक मारायचे, "हे धर," आणि रस्त्यानं कुणी आलं तरी ऊठ म्हणायचे नाहीत. मी बघितलं पण बोलले नाही. माझ्यासाठी ते अवघड होतं.

पहिल्या दिवशी दोर ढेकीच्या लाकडाच्या मधोमध बांधला. पकड ढिली पडली, लाकूड सरकलं. ह्यांनी दोर आसाकडे वीतभर सरकवला. थोडं बरं. आणखी सरकवला. आता टाच जरा जास्त खाली न्यावी लागायची, पण पकड अशी बसली की मी भिंतीला पाय लावून दोन्ही हातांनी लाकूड ओढलं तरी ते निघेना. हात सुटून मीच पाठीवर पडले. हे हसले. थंडीपासून पहिल्यांदा हसले ते. मी पडल्या जागी तशीच पडून राहिले, म्हटलं आणखी थोडं हसू दे.

दोर नरम लाकडाला काचायचा, वळ उठायचे. गिरणीवाल्याकडून हालरचा तुटका पट्टा मागून आणला. तो रुंद आणि खरबरीत होता, वळ उठेना. नागपंचमीच्या आदल्या दिवशी टेबल पुरं झालं.

नागपंचमीला काही कापायचं नसतं, चिरायचं नसतं. त्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी भिंतीवरची हत्यारं उतरवली, एकेक पुसून तेल लावलं आणि पोत्यात भरली. मी दारात उभी राहून बघत होते.

"हे काय जी?"

"त्याले उद्या बोलावलं आहे."

"टेबल झालं ना पण!"

"टेबल झालं. शब्द देऊन बसलो ना मी."

मला किंचाळावंसं वाटलं. पण ह्या माणसाचा शब्द म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. त्याच्यासाठीच तर मी त्याला मानत होते. मी रात्री जेवले नाही. त्यांनीही ताट तसंच सरकवलं.

सकाळी चुलतदीर सायकल घेऊन आला. मी चहा दिला. पोतं उंबऱ्याजवळ ठेवलेलं होतं. हे टेबलावर बसले होते. पट्ट्याखाली शिवणीच्या लाकडाचा एक ठोकळा होता, बैलाच्या अंगाचा कच्चा आकार काढून ठेवलेला.

"हे काय गा, दादा?" दिरानं विचारलं.

"टेबल. लाकूड धरते. थांब, दाखवतो. वाकस दे बरं."

दिरानं पोत्याचं तोंड सोडलं आणि वाकस काढून दिला. ह्यांनी टाच दाबली. घाव पडायला लागले. ठोकळा हलला नाही. पाठीवरचा उतार निघाला, वशिंड वर आलं. दीर चहाची कपबशी खाली ठेवून जवळ सरकला. वाकसाचं काम झालं तसं ह्यांनी तो परत दिला, आणि दिरानं तो पोत्यात ठेवला.

"पटाशी दे, रुंदवाली."

तिचं काम झालं. ती परत दिली. दिरानं ती हातात धरली, पोत्याकडे पाहिलं, आणि टेबलाच्या कडेला ठेवली.

"लहान पटाशी." मग "गोल पटाशी." मग कानांच्या भोकांसाठी गिरमिट, पायांच्या मधला भाग काढायला लहान करवत. ह्यांनी मान वर केली नाही. हात पुढे करायचे, आणि दीर नाव ऐकायच्या आधीच पोत्यात हात घालायचा. त्यानंतर काढलेलं एकही हत्यार परत पोत्यात गेलं नाही. वाकसही त्यानं हळूच काढून बाकीच्यांच्या रांगेत ठेवला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला रोवणीला जायचं होतं, मी गेले नाही.

दुपार होत आली तेव्हा नंदीची मान निघाली होती. जराशी वळलेली.

"कानस," हे म्हणाले.

दिरानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, कानस काढली, दिली. मग पोतं उलटं करून झटकलं. थोडा भुसा पडला, बाकी काही नाही. त्यानं पोत्याची घडी घातली, काखेत मारली आणि सायकलकडे निघाला. जाता जाता माझ्यापाशी थांबला.

"वयनी, रिकाम्या हातानं कसा जाऊ? पोतं तरी नेऊ का?"

"ने बापा, ने," मी म्हटलं, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले.